मीटरवर बॅटरी 'फुल' दिसते, मग मध्यरात्री फ्रिज का बंद पडतो? कॅम्पर ट्रेलरच्या बॅटरीचं गणित समजून घ्या

ईस्टरची चार दिवसांची सुट्टी. मेलबर्नमधलं एक मराठी कुटुंब गाडीमागे कॅम्पर ट्रेलर जोडून ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात निघालं, असं समजा. रस्ता साधारण तीन तासांचा. शुक्रवारी दुपारी पोचल्यावर ट्रेलरच्या मीटरवर १३.० व्होल्ट दिसले. १२ व्होल्टची बॅटरी १३ दाखवतेय म्हणजे काठोकाठ भरली, असं म्हणून सगळे निवांत झाले.

शनिवारी मध्यरात्री फ्रिज बीप करून बंद पडला. आत दही होतं, मसाला लावलेलं चिकन होतं आणि आजोबांचं इन्सुलिनही होतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. जवळपास विजेचा सॉकेट नाही, दुकान नाही.

अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर येतो. "बॅटरी गेली, नवीन घ्या." पुष्कळदा बॅटरीचा दोष नसतोच. मीटरवरचा आकडा चुकीच्या वेळी वाचलेला असतो आणि बॅटरी मुळात कधी पूर्ण भरलेलीच नसते. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ती महिनोन्‌महिने ठेवली, तर मग मात्र ती खरोखर जाते.

हे सगळं कसं घडतं आणि कसं टाळायचं, ते एकेक करून पाहू.

कॅम्पर ट्रेलर म्हणजे नक्की काय?

गाडीमागे ओढायचा छोटा ट्रेलर. मुक्कामाला पोचलं की उघडायचा आणि त्यातून तंबू, गादी, ओटा, पाण्याची टाकी असं सगळं बाहेर काढायचं. ऑस्ट्रेलियात हा प्रकार फार चालतो. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यामुळे कॅराव्हॅन हा शब्द आता आपल्याकडेही ओळखीचा झालाय. दोन्हींची विजेची मांडणी बरीचशी सारखी असते.

यात दोन बॅटऱ्या असतात. एक गाडीची. तिचं मुख्य काम इंजिन सुरू करणं, म्हणजे दोन-चार सेकंद भरपूर करंट देणं. दुसरी ट्रेलरमधली, जिला डीप सायकल किंवा हाउस बॅटरी म्हणतात. तिला थोडा थोडा करंट तासन्‌तास द्यायचा असतो. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी याच जातकुळीतली. लोडशेडिंगच्या काळात पंखे आणि ट्यूबलाइट तिच्यावर चालायचे, तसे इथे फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप आणि मोबाइल चालतात. फरक इतकाच की घरी वीज परत आली की बॅटरी आपोआप भरायला लागते. जंगलात 'लाइट आली' असं होत नाही.

व्होल्ट, अँपिअर, एएच: तीन शब्दांत सगळं

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा.

- व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब.
- अँपिअर म्हणजे नळातून येणारी धार.
- एएच, म्हणजे अँपिअर-अवर, म्हणजे टाकीत मावणारं पाणी.

१०० एएचची बॅटरी कागदोपत्री ५ अँपिअरचा करंट २० तास देऊ शकते. पण लेड-ॲसिड बॅटरी (एजीएम आणि जेल हे त्यातलेच बंदिस्त प्रकार) रोज तळापर्यंत रिकामी केली, तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून साधारण निम्मीच वापरायची, असा संकेत आहे. म्हणजे १०० एएचमधले हाताशी ५०.

आता या कुटुंबाचा एका दिवसाचा खर्च मांडू.

- फ्रिज: सरासरी १.५ अँपिअर × २४ तास = ३६ एएच
- दोन एलईडी पट्ट्या: १ अँपिअर × ४ तास = ४ एएच
- पाण्याचा पंप: ५ अँपिअर × १२ मिनिटं = १ एएच
- चार मोबाइल: सुमारे ७ एएच

एकूण ४८ एएच. म्हणजे पूर्ण भरलेली १०० एएचची एजीएम बॅटरी चार्जिंगशिवाय जेमतेम एक दिवस पुरेल.

यांची बॅटरी पोचली तेव्हा प्रत्यक्षात ८० टक्केच भरलेली होती, असं धरा. शुक्रवारी दुपारपासून शनिवारी मध्यरात्रीपर्यंत ३६ तास होतात. तासाला २ एएच या हिशेबाने ७२ एएच गेले. उरले ८. फ्रिज बंद पडणारच होता.

मग मीटरने १३.० का दाखवलं?

व्होल्टेज केव्हा वाचलं, यावर सगळं अवलंबून आहे

एकाच बॅटरीचं व्होल्टेज तीन वेळा तीन वेगवेगळे आकडे दाखवतं.

चार्जिंग चालू असताना किंवा नुकतंच थांबल्यावर. या वेळी आकडा फुगलेला असतो. चार्जर काढल्यावरही प्लेट्सच्या पृष्ठभागावरचा वरवरचा चार्ज काही तास टिकतो. त्याला सरफेस चार्ज म्हणतात. तीन तासांच्या प्रवासानंतर लगेच दिसलेले १३.० व्होल्ट हे त्याचंच काम होतं.

काहीतरी चालू असताना. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की आकडा खाली बसतो, थांबला की पुन्हा वर येतो. म्हणून वापर चालू असताना १२.१ दिसलं, तर लगेच घाबरायचं कारण नाही.

विश्रांती घेतलेली असताना. चार्जिंग बंद, वापर बंद, आणि मध्ये काही तास गेलेले. भरवशाचा आकडा हाच. एक रात्र गेलेली असेल तर उत्तम.

विश्रांतीनंतर, २५ अंशांच्या आसपास, लेड-ॲसिड बॅटरीचे आकडे ढोबळमानाने असे असतात:

- १२.७ किंवा जास्त: पूर्ण भरलेली (एजीएममध्ये १२.८ ते १२.९)
- १२.४ ते १२.५: पाऊण
- १२.२: निम्मी
- १२.० : पाव
- ११.८ किंवा कमी: रिकामी

नीट पाहिलं तर 'पूर्ण' आणि 'रिकामी' यांच्यात फक्त एक व्होल्टच्या आसपास फरक आहे. त्यामुळे ०.२ व्होल्टची चूक म्हणजे जवळपास पाव बॅटरीची चूक. ट्रेलरच्या पॅनेलवरचे स्वस्तातले मीटर किंवा तीन-चार दिव्यांचे इंडिकेटर इतकं बारीक सांगू शकत नाहीत. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, २० व्होल्ट डीसीवर लावा आणि थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा.

कॅम्पिंगच्या फ्रिजमध्येही बॅटरी फार खाली जाऊ नये म्हणून कट-ऑफ असतो. बहुतेकांत लो, मीडियम, हाय अशा तीन पातळ्या मिळतात आणि मॉडेलनुसार साधारण १० ते १२ व्होल्टच्या मध्ये फ्रिज स्वतःला बंद करतो. फ्रिजपर्यंतची वायर बारीक असेल, तर बॅटरीवर १२.२ असताना फ्रिजला ११.६ च मिळतात आणि तो वेळेआधीच बंद पडतो. म्हणून एकदा कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीवर आणि फ्रिजच्या सॉकेटवर असं दोन्हीकडे मोजा. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर वायर, फ्यूज होल्डर किंवा सॉकेट तपासा. सिगारेट लायटरसारखा गोल सॉकेट सैल बसणं हा यातला नेहमीचा गुन्हेगार.

तीन तास गाडी चालवूनही बॅटरी का भरत नाही?

लेड-ॲसिड बॅटरी तीन टप्प्यांत भरते.

बल्क. चार्जर त्याच्या ताकदीइतका पूर्ण करंट देतो आणि व्होल्टेज हळूहळू चढतं. बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत याच टप्प्यात भरते.

ॲबसॉर्प्शन. व्होल्टेज १४.४ ते १४.७ च्या आसपास स्थिर राहतं (जेल बॅटरीला थोडं कमी चालतं) आणि करंट कमी कमी होत जातो. शेवटचे २० टक्के इथे भरतात, आणि त्याला कित्येक तास लागतात. मोठा चार्जर आणला म्हणून हा वेळ फारसा वाचत नाही.

फ्लोट. बॅटरी भरल्यावर १३.५ ते १३.८ वर नुसती सांभाळून ठेवायची.

एसटी स्टँडवर गाडीत चढणारी गर्दी आठवा. पहिली ८० टक्के माणसं धडाधड चढतात, शेवटची दहा-वीस कोपऱ्यात सरकत, अंग चोरत आत जातात. बॅटरीच्या प्लेट्समध्येही असंच होतं. म्हणून तीन तासांच्या प्रवासात ५० टक्क्यांवरची बॅटरी ८० पर्यंत येऊ शकते, पण त्याच प्रवासात १०० ला पोचणं अवघड असतं.

बॅटरीवर छापलेले चार्जिंगचे आकडे एकदा वाचा आणि चार्जरचं सेटिंग त्यांच्याशी जुळवा. शिवाय उन्हाळ्यात चार्जिंगचं व्होल्टेज थोडं कमी आणि थंडीत थोडं जास्त लागतं. चांगल्या चार्जरसोबत बॅटरीला चिकटवायचा तापमानाचा सेन्सर येतो, तो डब्यात पडून राहू देऊ नका.

वायरमधला '६' आणि फसलेला हिशेब

ट्रेलरची बॅटरी गाडीच्या टोकाला नाही, मागे असते. अल्टरनेटरपासून (आपल्याकडचे मेकॅनिक अजूनही याला डायनामो म्हणतात) तिच्यापर्यंत सहा-सात मीटर वायर जाते. जायची आणि यायची धरली तर १४ मीटर. मध्ये ५० अँपिअरचा अँडरसन प्लग असतो.

तांब्याच्या वायरलाही रेझिस्टन्स असतो आणि त्यात व्होल्टेज खर्च होतं. ऑस्ट्रेलियात यात एक गंमत आहे. तिथे गाड्यांसाठी मिळणाऱ्या '६ एमएम' ऑटो केबलमधला ६ हा आकडा बाहेरच्या आवरणासकट जाडीचा असतो. आत तांबं साधारण ४.६ चौरस मिलिमीटर. तिथेच '६ बी अँड एस' नावाचीही केबल मिळते, तिच्यात तांबं सुमारे १३.५ चौरस मिलिमीटर. दोन्हींवर ६, पण तांबं जवळपास तिप्पट. आपल्याकडे इलेक्ट्रिकचं दुकान वायर थेट 'स्क्वेअर एमएम'मध्ये देतं, त्यामुळे इथून गेलेला माणूस '६ एमएम' ऐकून सहज फसू शकतो.

२० अँपिअर करंट आणि १४ मीटर वायर धरून हिशेब केला तर:

- '६ एमएम' ऑटो केबल: सुमारे १.०७ व्होल्ट वाटेतच गेले
- '६ बी अँड एस': सुमारे ०.३६ व्होल्ट गेले

अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देत असेल, तर पहिल्या केबलमधून बॅटरीपर्यंत १३.१ च पोचतात. बॅटरी भरत गेली की करंट कमी होतो आणि ही घट कमी होते हे खरं, पण तोवर प्रवास संपलेला असतो.

नवीन गाड्यांची नवी अडचण: स्मार्ट अल्टरनेटर

जुन्या गाड्यांत अल्टरनेटर सतत १४ व्होल्टच्या आसपास द्यायचा. आता इंधन वाचवण्यासाठी अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर, गाडीची स्वतःची बॅटरी भरली की हे व्होल्टेज १२.५ च्या आसपास खाली आणतो. गाडीला त्याने काही फरक पडत नाही. मागच्या ट्रेलरची बॅटरी मात्र उपाशी राहते.

यावरचा उपाय म्हणजे डीसी-डीसी चार्जर. हा डबा ट्रेलरमध्ये, बॅटरीच्या जवळ बसवतात. समोरून १२.५ येवो किंवा १३.१, तो ते वाढवून बॅटरीला हवे तेवढे व्होल्ट देतो आणि तिन्ही टप्पे पाळतो. वायर चांगली जाड हवीच, कारण व्होल्टेज कमी आलं की हा चार्जर त्याची भरपाई जास्त करंट खेचून करतो. गाडीत स्मार्ट अल्टरनेटर असेल, तर चार्जरची इग्निशनवरून येणारी ट्रिगर वायर जोडलेली आहे ना, हे बसवणाऱ्याला विचारा. ती नसेल, तर व्होल्टेज खाली गेल्यावर 'गाडी बंद झाली' असं समजून चार्जर स्वतः बंद होतो.

सोलर पॅनेल किती देतं?

१६० वॅटचं पॅनेल दिवसभर १६० वॅट देत नाही. एप्रिलमध्ये ग्रॅम्पियन्सच्या भागात चांगल्या दिवशी सुमारे चार तासांच्या कडक उन्हाइतकी ऊर्जा मिळते असं धरू. १६० × ४ = ६४० वॅट-अवर. उष्णता, धूळ, कोन आणि वायर यांत पाव भाग सोडा, उरले ४८०. त्याला १३ ने भागलं की जवळपास ३७ एएच.

रोजचा खर्च ४८, आवक ३७. म्हणजे तूट फक्त ११ एएचची. भरलेल्या १०० एएच बॅटरीतून ही तूट चार दिवस सहज निघते. त्या कुटुंबाने जास्त महाग बॅटरी घेण्याऐवजी घरून पूर्ण भरलेली बॅटरी आणि एक पॅनेल नेलं असतं, तरी आजोबांचं इन्सुलिन थंड राहिलं असतं.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. पॅनेल कधीही थेट बॅटरीला जोडू नका. १२ व्होल्टचं म्हणून विकलं जाणारं पॅनेल उन्हात २० व्होल्टच्या आसपास जातं, म्हणून मध्ये रेग्युलेटर लागतोच. दुसरं, दक्षिण गोलार्धात पॅनेलचं तोंड उत्तरेकडे हवं. महाराष्ट्रात आपण दक्षिणेकडे ठेवतो, ती सवय तिथे उपयोगाची नाही. तिसरं, झाडाची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी वीज त्या प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त घटते. ट्रेलर सावलीत आणि लांब वायरवरचं सुटं पॅनेल उन्हात, ही मांडणी त्यासाठीच.

लिथियम घेतली की प्रश्न सुटतो का?

बराच सुटतो, सगळा नाही. ट्रेलरमध्ये वापरतात ती लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. या पदार्थाला बॅटरीच्या जगात ओळख मिळवून देणारा १९९७ चा शोधनिबंध अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि जॉन गुडइनफ यांच्या नावावर आहे. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

फायदे सरळ आहेत. १०० एएचमधले ८० ते ९० वापरता येतात, वजन निम्म्याहून कमी, आणि शेवटच्या २० टक्क्यांसाठी तासन्‌तास थांबावं लागत नाही. अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही.

पण व्होल्टेज पाहून ती किती भरलीय हे ओळखणं फार कठीण. १३.३ ते १३.० या चिंचोळ्या पट्ट्यात तिची बहुतेक सगळी बॅटरी संपून जाते. म्हणून लिथियमला शंट असलेला बॅटरी मॉनिटर लावतात. तो आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजून टक्के सांगतो. पासबुकमध्ये जमा-खर्च लिहिल्यासारखं.

आणखी दोन पथ्यं. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही, त्याने आतल्या सेलचं कायमचं नुकसान होतं. चांगल्या बॅटरीतलं बीएमएस सर्किट हे रोखतं, पण विकत घेताना विचारून घ्या. आणि लेड-ॲसिडसाठीचा जुना चार्जर, विशेषतः डिसल्फेशन किंवा इक्वलायझेशन मोड असलेला, लिथियमला लावू नका. ऑस्ट्रेलियात तर लिथियम बॅटरी ट्रेलरमध्ये कुठे आणि कशी बसवायची याचे नियम २०२२ च्या एएस/एनझेडएस ३००१.२ या मानकात आहेत. झोपायच्या जागेत ती कशीतरी कोंबणं त्यात बसत नाही.

बॅटरी खरी मरते ती गॅरेजमध्ये

सहल संपली, ट्रेलर गॅरेजमध्ये लावला, पुढची सुट्टी चार महिन्यांनी. त्या वेळी लेड-ॲसिड बॅटरी निम्मी असेल, तर प्लेट्सवर लेड सल्फेटचे बारीक कण जमतात आणि ते हळूहळू कडक होत जातात. याला सल्फेशन म्हणतात. कडक झालेला थर चार्जिंगने पुन्हा विरघळत नाही, आणि १०० एएचची बॅटरी ६० ची होऊन बसते. मीटरवर मात्र ती अजूनही १२.७ दाखवू शकते. टाकी लहान झाली तरी काठोकाठ भरलेली दिसतेच, तसं.

त्यामुळे देखभाल मुख्यतः घरीच करायची असते.

सहलीहून परतल्यावर
- त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरच्या विजेवर, तिन्ही टप्प्यांच्या चार्जरने पूर्ण भरा. रात्रभर लागली तरी चालेल.
- लेड-ॲसिड असेल, तर चार्जर फ्लोटवर राहू द्या किंवा महिन्यातून एकदा लावा.
- लिथियम असेल, तर साधारण निम्मी ते पाऊण भरून, सगळा वापर तोडून ठेवा.
- मेन स्विच बंद करा. स्टिरिओ, मीटर, यूएसबी सॉकेटवरचा निळा दिवा हे सगळे गुपचूप बॅटरी खातात. ०.१ अँपिअर म्हणजे महिन्याला ७२ एएच.

दर दोन-तीन महिन्यांनी
- टर्मिनल हलवून पाहा. सैल असेल तर घट्ट करा.
- पांढरा-हिरवा थर जमला असेल, तर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसा, कोरडं करा आणि पेट्रोलियम जेली लावा.
- झाकणं उघडणारी बॅटरी असेल, तर पाण्याची पातळी पाहा. फक्त डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्ज झाल्यावर. नळाचं पाणी नको, ॲसिड तर मुळीच नको. एजीएम आणि जेल उघडायच्या नसतात.

निघायच्या आदल्या दिवशी
- रात्री चार्जर काढा, सकाळी व्होल्टेज मोजा. एजीएम १२.७ च्या खाली असेल, तर ती भरलेली नाही किंवा म्हातारी झालीय.
- फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर थंड करा. गरम फ्रिज आणि गरम सामान थंड करण्यातच बॅटरीचा मोठा घास जातो.
- गाडी सुरू करून ट्रेलरच्या बॅटरीवर मोजा. आकडा हळूहळू १४ च्या पुढे जायला हवा. हलतच नसेल, तर अँडरसन प्लग आणि फ्यूज पाहा.

लक्षणावरून दुखणं ओळखा

- *रात्रभरात १२.७ वरून १२.० वर येते, वापर काहीच नाही:* काहीतरी चालू राहिलंय किंवा एखादा सेल गेलाय. सगळं तोडून पुन्हा रात्रभर ठेवा. तरीही पडली, तर बॅटरी बदला.
- *लगेच भरते, लगेच उतरते:* सल्फेशनने क्षमता गेली.
- *बॅटरीवर ठीक, फ्रिजवर कमी:* वायर किंवा सॉकेट.
- *चार्जिंगला १५ च्या वर जाते:* रेग्युलेटर किंवा सेटिंगची चूक. ताबडतोब थांबवा.
- *बॅटरी गरम लागते, फुगली किंवा सडक्या अंड्यासारखा वास येतो:* चार्जर बंद करा, हवा खेळती करा, ठिणगी होईल असं काही करू नका. ती बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

जिवाशी खेळ नको

१२ व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण टर्मिनलवर पाना आडवा पडला, तर शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. म्हणून हातातली अंगठी आणि कडं काढून काम करा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह सोडवा, लावताना निगेटिव्ह शेवटी जोडा.

गाडी आणि ट्रेलर यांच्यातल्या लांब वायरला दोन्ही टोकांना, बॅटरीच्या जवळ फ्यूज हवा. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, त्यामुळे मध्ये कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर आग दोन्हीकडून पेटू शकते. चार्ज होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिची पेटी पूर्ण बंद ठेवू नका.

इन्व्हर्टर लावून चहाची इलेक्ट्रिक किटली चालवायचा मोह टाळा. २,२०० वॅटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास २०० अँपिअर मागते. चहाला गॅसची शेगडीच बरी. आणि २३० व्होल्टचं काम ऑस्ट्रेलियात कायद्याने परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं असतं.

आणि मध्यरात्री फ्रिज बंद पडलाच तर?

आधी झाकण उघडू नका. बंद फ्रिज काही तास थंडावा धरून ठेवतो. दिवे आणि पंप बंद करा. गाडी सुरू करून ट्रेलर जोडा, डीसी-डीसी चार्जर असेल तर तासाभरात २० ते २५ एएच मिळतात, तेवढ्यावर फ्रिज सकाळपर्यंत निघतो. मात्र बंद जागेत किंवा तंबूच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही. इन्सुलिनसारखं औषध सोबत असेल, तर प्रवासासाठीची थंड पिशवी वेगळी ठेवा आणि बर्फाला थेट चिकटू देऊ नका, कारण गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

सकाळी ऊन आलं की पॅनेल उत्तरेकडे वळवा. आणि घरी परतल्यावर, सामान उतरवण्याआधी, चार्जर लावा.